सासूबाईंना सोफ्यावरून उठवणारी गादी कोणती घ्यावी? (अर्जंट)

घाईत_आहे
सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत, सोफ्यावरून उठता येत नाही. दिवसातून दहा-बारा वेळा मी उचलते, माझी कंबर गेलीय आता. ती स्प्रिंगची गादी मिळते ना, बसलं की खाली जाते आणि उठताना मागून वर ढकलते, ती कुणी वापरलीय का? चांगली आहे की नाही एवढंच सांगा. नवऱ्याने दोन काढून ठेवल्यात, आज रात्री ऑर्डर करायचीय. आणि प्लीज डॉक्टरांना दाखवा असं कुणी लिहू नका, दाखवून झालंय, वयोमानाने होतं म्हणाले.

चौकस
वजन किती? उंची किती? सोफा कसला? गादी गॅस स्प्रिंगची की विजेवरची?

घाईत_आहे
वजनाचा काय संबंध? ४४ किलो, बारीक आहेत. उंचीला माझ्या खांद्याला लागतात. सोफा म्हणजे सोफा, तिघांचा. गादी विजेची नको, वायर पायात येईल.

चौकस
वजनाचाच तर संबंध आहे. गॅस स्प्रिंगची गादी वजनाच्या गटाप्रमाणे येते. जड माणसाची गादी ४४ किलोच्या बाईंना दिली तर ती खाली दबणारच नाही, त्या घसरगुंडीवर बसल्यासारख्या बसतील आणि पुढे घसरतील. उलट केलं तर गादी नुसतीच पडून राहील. नवऱ्याने काढलेल्या दोन्हींवर किलो लिहिलेले असतील, ते आधी बघा. आणखी एक, जाहिरातीत ७० टक्के वजन गादी उचलते असं म्हणतात म्हणजे बाकीचं ३० टक्के पायांनीच उचलायचंय.

आरामात
गादीबिदीच्या भानगडीत पडू नका हो. आम्ही वडिलांसाठी मोटरची खुर्ची घेतली, रिक्लायनरसारखीच पण बटण दाबलं की अख्खी खुर्ची पुढे कलून माणसाला उभं करते. हळूहळू होतं, मध्येच थांबवता येतं. माझी बायको म्हणाली होती की एवढा मोठा डबा खोलीत कशाला आणि आता तीच दुपारची त्यात झोपलेली असते. फक्त मागे भिंतीपासून जागा सोडा, आणि लाइट गेली तर पाठ आडवी असतानाच अडकायला होतं म्हणून बॅटरी बॅकअपवाली बघा, बऱ्याच मॉडेलमध्ये ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या टाकायची सोय असते पण त्या आपण टाकायच्या असतात, आम्हाला ते एका संध्याकाळी कळलं.

मांडीबळ
मी फिजिओ आहे म्हणून राहवत नाही. खुर्चीने उचलायला लागलं की मांड्या कामातून जातात. उठणं हाच म्हाताऱ्या माणसाचा सगळ्यात मोठा व्यायाम असतो आणि तोच तुम्ही मोटरला देऊन टाकताय. आधी ही चाचणी करा: ४३ सेंमी उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ७५ ते ७९ वयाच्या बायकांना १० पेक्षा कमी जमलं तर सरासरीपेक्षा कमी, पडण्याचा धोका धरतात. हात टेकावा लागला तर शून्य लिहायचं. शेजारी कुणीतरी उभं राहा म्हणजे झालं.

आरामात
वडिलांना शून्यच आलं असतं. मग काय त्यांनी बसूनच राहायचं का?

मांडीबळ
मी तसं म्हटलेलं नाही. सगळ्यांना एकच औषध देऊ नका एवढंच.

ऐंशीपार
मी स्वतः त्या खुर्चीतला माणूस आहे, दोन वर्षं झाली. मांड्या माझ्या आहेत, त्यांचं काय करायचं ते मी ठरवेन. सकाळी व्यायाम म्हणून साध्या खुर्चीतून आठ वेळा उठतो आणि संध्याकाळी दमलो की बटण दाबतो. दोन्ही चालतं. मूळ धाग्यात सासूबाईंना काय हवंय हे कुणीच विचारलं नाही, बहुतेक सुनेनेही नाही. आम्हाला उचलून ठेवलेलं आवडत नाही हो.

घाईत_आहे
काका, विचारलंय. त्या म्हणतात मला काही नको, मी बसते इथेच. म्हणून तर धागा काढलाय.

उगाचच
जमिनीवरून उठताना सरळ उठू नये. आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर, मग रांगत भक्कम खुर्चीपाशी जायचं, दोन्ही हात सीटवर ठेवायचे, एक पाय पुढे घ्यायचा आणि रेटा देऊन वळून बसायचं. माझ्या आजीला असंच शिकवलं होतं, तिला फार उपयोग झाला.

चौकस
जमिनीवर कोण बसलंय? सोफा चाललाय.

उगाचच
पडल्यावर लागेल ना. जपून ठेवा.

पाना_पक्कड
सगळे गादी आणि मोटरवर बोलताय, सोफ्याची उंची कुणी विचारली का? टेप घ्या आणि तीन मापं टाका इथे. एक, सोफ्याची पुढची कड जमिनीपासून किती. दोन, सासूबाई बसलेल्या असताना तीच उंची, म्हणजे गादी दबल्यावरची, खरं माप हेच. तीन, त्यांच्या गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंत, घरात घालतात त्या चपलेसकट. आणि सोफ्याला पाय आहेत की खाली सरळ खोका आहे? पाय असतील तर खाली कप बसवून सोफा उंच करता येतो, चारही पायांखाली सारखेच हवेत, दोनच लावून मागे कलता ठेवणारे महाभाग पाहिलेत मी.

घाईत_आहे
एवढं सगळं करायचं तर मीच सुतार झाले असते. बरं घ्या. कड ४० सेंमी. त्या बसल्यावर ३१. गुडघ्यापर्यंत ३९. खाली खोका आहे, पाय नाहीत. सीट खूप खोल आहे, त्या टेकून बसल्या की पाय लोंबकळतात म्हणून पुढे पुढे येऊन बसतात आणि मध्ये खड्डा पडलाय.

पाना_पक्कड
सापडलं. ३९ च्या गुडघ्याला ३१ ची सीट, म्हणजे गुडघा कमरेच्या वर. यातून मीसुद्धा दोनदा झोका घेऊन उठेन. या खड्ड्यात स्प्रिंगची गादी ठेवलीत तर तिला खाली कडक बूडच मिळणार नाही, ती उचलायच्या ऐवजी स्वतःच सोफ्यात रुतणार आणि वाकडी होणार. ती गादी कडक बैठकीच्या, हात असलेल्या खुर्चीवर ठेवायची वस्तू आहे. रात्रीची ऑर्डर थांबवा.

चौकस
+१. आणि त्या दुसऱ्या कशातून उठू शकतात का? पलंग, खुर्ची, कमोड?

घाईत_आहे
जेवणाच्या खुर्चीतून उठतात की, टेबल धरून, वेळ लागतो पण उठतात. कमोडला बाजूला दांडा आहे. पण मी सोफ्याचं विचारतेय ना.

चौकस
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर आरामात यांची मोटर आणि मांडीबळ यांचं भांडण दोन्ही वाचलं असतं.

मांडीबळ
आमचं भांडण नव्हतं, चर्चा होती. ताई, तुम्ही उचलता म्हणजे नक्की कसं उचलता?

घाईत_आहे
काखेत हात घालून. आणि त्या पुढचा वॉकर ओढून धरतात.

मांडीबळ
दोन्ही आजपासून बंद. काखेत हात घालून ओढलं की म्हाताऱ्या माणसाचा खांदा दुखावतो, आणि तुमची कंबर गेलीय ती त्यानेच. वॉकर चालायला आहे, त्याला ओढलं की तो उलटून अंगावर येतो. उठताना हात सीटवर नाहीतर खुर्चीच्या हातांवर, रेटा खाली द्यायचा, आणि उभं राहिल्यावर मग वॉकर धरायचा. त्याआधी कडेपर्यंत सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची आणि नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुकायचं. बहुतेक जण झुकायला घाबरतात, सरळ वर उठायला जातात आणि धपकन मागे बसतात. तुम्ही बाजूला उभं राहून पाठीवर हात ठेवा, मोजून एक दोन तीन म्हणा. कंबरेला बांधायचा पट्टा मिळतो, मदतनिसाने तो धरायचा असतो, तो घ्या.

ऐंशीपार
आणि उठल्यावर लगेच निघायचं नाही, दहा मोजायचे. माझं वरचं बीपी उठल्या उठल्या २० ने उतरतं असं निघालं, तेव्हापासून मोजतो. अवांतर: काठीची उंची मनगटाच्या रेषेपर्यंत ठेवावी, हात सरळ खाली सोडून.

आरामात
मनगटाच्या नाही हो, कमरेच्या हाडापर्यंत. दुकानदाराने वडिलांना तशीच दिली.

ऐंशीपार
दुकानदाराला चालायचं नव्हतं. मनगटाची रेष, घरातल्या चपला घालून. म्हणजे काठी धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं. कमरेइतकी घेतली की खांदा वर चढतो. आणि खालचं रबर झिजलं की बदला.

आरामात
बरं, आज मोजतो.

रात्रपाळी
मी सगळं उशिरा वाचतेय, नर्स आहे. मला एक सांगा, हे उठता न येणं कधीपासून? वर्षानुवर्षं हळूहळू वाढलं की अलीकडे? आणि दिवसभर सारखंच असतं का?

घाईत_आहे
सोफा तर सहा वर्षं तोच आहे. आधी उठायच्या. दोन अडीच महिन्यांत एकदम झालं. सकाळी फार, दुपारी जरा बरं असतं. डॉक्टर गुडघे म्हणाले.

रात्रपाळी
केस स्वतः विंचरतात का?

घाईत_आहे
नाही, मी विंचरते. हात वर जात नाहीत म्हणतात, सकाळी तर अजिबातच नाही. मला वाटलं लाड. आता तुम्ही विचारलंत तर तेही तेव्हापासूनच आहे. याचा सोफ्याशी काय संबंध?

रात्रपाळी
असूही शकतो. गुडघ्याने उठता येत नाही हे कळतं, पण गुडघ्याने केस विंचरता येत नाहीत असं होत नाही. दोन्ही खांदे आणि दोन्ही खुबे काही आठवड्यांत आखडले, सकाळी पाऊण तासाहून जास्त जखडल्यासारखं राहिलं आणि वय पन्नाशीच्या पुढे असलं तर डॉक्टरांना पॉलिमायल्जिया नावाच्या दुखण्याचा विचार करावा लागतो. ईएसआर आणि सीआरपी या साध्या रक्ताच्या तपासण्या असतात. तोच निघाला तर स्टेरॉइडच्या कमी डोसने सहसा लवकर फरक पडतो. तोच आहे असं मी म्हणत नाही, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनीही काही जणांचे स्नायू दुखतात, थायरॉइडनेही होतं. पण हे वयोमान नाही, अडीच महिन्यांत वय वाढत नाही. तुम्ही नको म्हणालात तरी लिहिते, परत दाखवा आणि यावेळी खांद्याचं सांगा. नवीन डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, नाहीतर नजरेत काही फरक असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी जा.

मांडीबळ
हे मी विचारायला हवं होतं. चाचणी लगेच करू नका, आधी तपासण्या होऊ द्या.

घाईत_आहे
डोकेदुखी वगैरे नाही, आत्ताच विचारलं. कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे पण ती बरीच वर्षं. डॉक्टरांना गुडघ्याचंच सांगितलं होतं आम्ही, खांद्याचा विषयच निघाला नाही.

पाना_पक्कड
गोळी मनाने बंद करू नका बरं, विचारून. तपासण्या होईपर्यंत सोफ्याचं करून टाका. सोफ्याच्या गादीखाली १८ मिमी प्लायवूडची फळी, पूर्ण सीटच्या मापाची, कडा घासून. खड्डा गेला. मग वर कडक फोम, मऊ नको, बसल्यावर सीट ४३-४४ ला आली पाहिजे. त्याच्या फार वर जाऊ नका, तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत. फोम पुढे सरकायला नको, खाली न घसरणारी जाळी घाला. आणि पाठीमागे एक जाड कडक उशी द्या म्हणजे त्या आत घसरणार नाहीत. सोफ्याच्या बाजूला उभा करायचा दांडाही येतो, त्याची प्लेट सोफ्याखाली सरकवतात आणि सोफ्याच्या वजनाने तो टिकतो, पण तुमचा खोका जमिनीला चिकटून आहे, प्लेट जाईल का बघा. काच-टाइल्सना चिकटणारे रबरी सक्शनचे दांडे मात्र कुठेच नकोत, अंगाचं वजन पडलं की सुटतात.

आरामात
किंवा सोफा काढूनच टाका आणि…

चौकस
नको.

घाईत_आहे
अपडेट. फळी टाकली, नवऱ्याने जुन्या कपाटाचं दार कापलं, त्यावर फोम. आता बसल्यावर ४३ येतंय. काल सासूबाई कडेला सरकून, हात टेकून दोन वेळा स्वतः उठल्या, तिसऱ्यांदा मी पाठीला हात लावला. सकाळी मात्र अजून जमत नाही. सोमवारची वेळ घेतलीय, खांद्याचं कागदावर लिहून ठेवलंय कारण तिथे गेलं की त्या सगळं बरं आहे म्हणतात. गादी ऑर्डर केली नाही. नवरा जरा नाराज आहे.

ऐंशीपार
कागद त्यांच्याच हातात द्या. त्यांनाच वाचू दे.

वाचनमात्र
छान धागा. माझ्या आजोबांना कमोडवरून उठता येत नाही, उंच करायची ती प्लॅस्टिकची सीट १० सेंमीची घेऊ की १५ ची? लवकर सांगा, आजच घ्यायचीय.

चौकस
नवीन धागा काढा. आणि वजन, उंची, कमोडची आत्ताची उंची पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.