ओट्याचा ग्रॅनाइट घरीच हाताने घासून चमकतो का?

विश्रामबागवाली:
सांगलीत राहते, ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, बारा वर्षं झाली. सिंकपाशी हातभर पट्टा पांढरट भुरका पडलाय, बाकी ओट्यात अजून तोंड दिसतं. मशीनवाला म्हणतो अख्खा ओटा घासू, दोन दिवस स्वयंपाकघर बंद. सासूबाईंनी तिथंच नाही म्हटलं. ऑनलाइन हाताने घासायचे डायमंड पॅड (हिऱ्याची भुकटी बसवलेले) दिसतात, खरखरीत 50 नंबरपासून मऊ 3000 पर्यंत, त्यानं खरंच होतं का? आणि हो, मागं एकदा बाथरूमचं ॲसिड टाकून घासलंय, ओरडू नका.

कराडकर:
ओरडत नाही, पण ग्रॅनाइटच आहे ना? आपल्याकडं कितीतरी घरात काळा कडप्पा असतो आणि सगळे ग्रॅनाइटच म्हणत असतात. मिक्सरमागच्या कोपऱ्यात लिंबाचा थेंब दहा मिनिटं ठेवा, पुसल्यावर तिथली चमक गेली तर कडप्पा, तो चुनखडीचा दगड. ग्रॅनाइटला लिंबानं सहसा काही होत नाही.

सातारी_तात्या:
बोअरचं पाणी असेल तर आधी नवं ब्लेड तिरकं धरून, दगड ओला करून, हळू खरवडा. पांढरी भुकटी निघाली तर तो क्षार, पॉलिश खाली शाबूत असतं. आणि 50 नंबरपासून सुरू करू नका हो, त्याचे ओरखडे हाताने काढता काढता दिवाळी येईल. मी साताऱ्यात आमच्या ओट्याचा वीतभर भाग घासला, 400 पासून, मग 800, 1500, 3000, प्रत्येक वेळी भरपूर पाणी, आणि आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पॅड घ्यायचा नाही, कोरडं पुसून मोबाईलच्या टॉर्चनं आडवं बघायचं. चार संध्याकाळी गेल्या, खांदा भरून आला आणि चमक आली बारा आणे. कडेला अजून फरक दिसतो.
लाकडाचा पॉलिश पेपर चालत नाही, ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्झ लई कठीण. घरच्या साध्या अँगल ग्राइंडरला (फरशी-लोखंड कापायच्या मशीनला) पॅड लावायचं तर अजिबात नको, तो मिनिटाला दहा-अकरा हजार फिरतो, पॅड जळतो, वर पाणी आणि करंट एकत्र. कोरडं घासलं तर सिलिकाची धूळ थेट छातीत.

कराडकर:
खोबरेल तेलाचा सल्ला कुणीतरी देईलच, लावू नका. दोन दिवस काळाभोर दिसतो मग चिकट होऊन पीठ धरतो.

विश्रामबागवाली:
लिंबानं काही झालं नाही, ग्रॅनाइटच. ब्लेड मारलं तर अर्ध्याहून जास्त नुसता क्षार निघाला, खाली चमक तशीच!! मशीनवाला तेवढं बघूनही अख्खा ओटा घासायला निघाला होता. आता तळहाताएवढा ॲसिडचा डाग उरलाय, त्याला 400 पासूनचे पॅड मागवलेत. सासूबाई म्हणतात कशाला, तिथं भांड्यांची जाळी ठेव की.