ॲनिमेशन शिकायची सुरुवात गेम इंजिनपासून करावी का?

रानवाट

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याला ॲनिमेशन फिल्म करायची आहे त्याने आज सरळ गेम इंजिन, म्हणजे व्हिडिओ गेम बनवायचं सॉफ्टवेअर, उघडावं. आधी मॉडेलिंग (पात्राचा आकार घडवणं), मग रिगिंग (त्याला हलणारा सांगाडा बसवणं), मग लाइटिंग असा एकेक विषय घोटत बसायचं आणि शेवटी हातात काय, तर एक उसळणारा चेंडू नि एक चालणारा माणूस. या पद्धतीत फिल्म करायची उमेदच मरते. मी ते भोगलंय. एका क्लासला पैसे भरून चौदा महिने घालवले आणि एकही गोष्ट पूर्ण झाली नाही.

गेल्या वर्षी अनरियल इंजिन हे गेम इंजिन उतरवून घेतलं. शिकणाऱ्याला ते फुकट आहे. आठ महिन्यांत दोन मिनिटं दहा सेकंदांची फिल्म पुरी केली. पहाटे आजी विहिरीवरून पाणी आणते, एवढीच गोष्ट. या फोरमवरच टाकली होती, काहींनी पाहिलीही असेल.

फरक कशाने पडतो ते बघा. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला १४४०. जुन्या पद्धतीने एका फ्रेमच्या रेंडरला, म्हणजे मशीनने अंतिम चित्र तयार करायला, पाच मिनिटं धरली तरी मिनिटभराच्या फिल्मसाठी मशीन १२० तास, म्हणजे पाच दिवस अडकून पडतं. माझ्याकडे एका फ्रेमला सरासरी चार सेकंद लागले. मिनिटाचं काम दीड तासात हातावेगळं.

पण माझ्या लेखी वेळ वाचला ही दुय्यम गोष्ट आहे. सूर्य थोडा खाली ओढला की विहिरीच्या कठड्याची सावली तिथल्या तिथे लांब होते. कॅमेरा उचलून आजीच्या घोट्याशी ठेवला की शॉटचा अर्थच बदलतो, आणि तो बदल त्या क्षणी दिसतो. एकच शॉट मी अकरा वेळा लावून पाहिला. पाच दिवस रेंडरची वाट बघणारा माणूस अकरा वेळा लावेल का? दिग्दर्शन शिकायचं तर चुका लवकर दिसायला हव्यात. २०२४ साली ऑस्कर मिळालेली 'वॉर इज ओव्हर' ही शॉर्ट फिल्मही अनरियलमध्येच झाली, तेव्हा हे खेळणं आहे असं कुणी म्हणू नये.

निळी पेन्सिल

तुमची फिल्म तीनदा पाहिली. प्रकाश सुंदर आहे, विहिरीवरचं धुकं तर फारच. आता अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला थांबवा. आजी वाकते, हंडा धरते आणि एका दमात डोक्यावर ठेवते. भरलेला हंडा बारा-पंधरा किलोंचा असतो हो! बाई आधी पाय फाकवून उभी राहते, एक हात काठाला, एक बुडाशी. हंडा आधी गुडघ्यावर येतो, मग मांडीवर टेकतो. तिथे ती क्षणभर थांबते, श्वास घेते आणि मग हिसका देऊन वर नेते. मान ताठ होते, चुंबळीवर हंडा बसला की पहिलं पाऊल जरा जडच पडतं. तुमच्या शॉटमध्ये यातलं काहीच नाही. ती हालचाल कुठल्या तरी तयार संग्रहातून घेतलेली आहे, रिकाम्या हातांनी केलेल्या अभिनयाची. खरं ना?

मी बावीस वर्षं हाताने काढून ॲनिमेशन केलंय, आता शिकवते. माझा विरोध इंजिनला नाही, त्याने सुरुवात करायला आहे. तिथे पात्र तयार मिळतं, झाडं तयार, चालणंही तयार. शिकणाऱ्याला वाटतं, झालं की! मग वजन, वेग, थांबणं हे शिकायची गरजच त्याला भासत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' केली तेव्हा एकेक काडी हाताने सरकवून फ्रेम घेतली. काडी किती सरकवली की हळू वाटते आणि किती सरकवली की दचकते, हे त्या बोटांना कळलं असणार. १९५६ मध्ये डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स मुंबईला फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेत शिकवायला आले आणि तिथे ॲनिमेटर राम मोहन यांच्यासारखी माणसं तयार झाली. तो पाया हालचाल समजून घेण्याचा होता. तो चुकवून कुणी पुढे गेलं की सगळ्यांच्या फिल्म एकसारख्या दिसू लागतात. तेच धुकं, तोच सोनेरी प्रकाश आणि त्यात पोकळ माणसं.

चोवीस_फ्रेम

मी मुंबईत एका स्टुडिओत काम करतो. दोघांनाही एक सांगायचंय, झटपट चित्र दिसणं ही गेम इंजिनची मक्तेदारी राहिलेली नाही. गिन्ट्स झिल्बालोडिस या लाटव्हियाच्या दिग्दर्शकाची 'फ्लो' बघा. अख्खी फिल्म ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, त्यातल्याच ईव्ही या झटपट रेंडररवर. २०२५ मध्ये तिला ऑस्कर मिळालं. त्यातलं मांजर मोकॅपचं (खरी हालचाल यंत्राने टिपून घेतलेलं) नाही, हाताने की-फ्रेम, म्हणजे मुख्य पोझ, लावून हलवलंय. म्हणजे रानवाट म्हणतात तो वेगही आहे आणि ताई म्हणतात ते वजनही.

नवख्याने ब्लेंडरच धरावं. कारण अगदी साधं आहे. पात्र ब्लेंडरमध्ये करायचं आणि अनरियलमध्ये न्यायचं, या वाटेवर माणूस आठवडेच्या आठवडे अडकतो. इकडे मीटर, तिकडे सेंटीमीटर. पात्राचा सांगाडा शंभरपट लहान होऊन तरी जातो किंवा हाडं वाकडी होतात. त्यात काय शिकलो? फक्त फाइल नेणं-आणणं.

सांगलीकर_मुलगा

रानवाट दादा, फुकट म्हणता ते पटलं नाही. ३२ जीबी रॅम आणि ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन घ्यायला आमच्याकडे घरात बैठक घ्यावी लागते. माझ्या लॅपटॉपवर अनरियल उघडतं, पण शेडर (पृष्ठभाग कसे दिसतील ते ठरवणारे छोटे प्रोग्राम) तयार होईपर्यंत अर्धा तास जातो आणि मग कॅमेरा हलवला की चित्र अडखळत पुढे सरकतं. सावली तिथल्या तिथे लांब होते हे सुख मी अजून पाहिलेलं नाही. पेन्सिल आणि वही मात्र आहे. मग माझ्यासारख्याने काय करायचं?

रानवाट

सांगलीकर, तुझं बरोबर आहे, 'फुकट' हा शब्द मी विचार न करता वापरला. माझंही मशीन मोठं नाही. मी लुमेन, म्हणजे अनरियलची प्रकाशाची जड गणितं करणारी सोय, बंद ठेवायचो, सगळी गुणवत्ता 'लो'वर, पात्राच्या जागी नुसते ठोकळे. शॉट ठरला की मगच सगळं चालू करायचं आणि रात्री रेंडरला लावायचं. तेही व्हिडिओ म्हणून नाही, एकेक पीएनजी चित्र म्हणून. आमच्याकडे रात्री लाइट जाते. ६१२ व्या फ्रेमला गेली तर ६१३ पासून पुन्हा सुरू करता येतं. व्हिडिओ असता तर सगळी रात्र वाया.

ताई, तो शॉट तयार संग्रहातलाच आहे, लपवत नाही. तुम्ही लिहिलंत ते वाचून मी स्वतः रिकामी कळशी उचलून पाहिली. पण क्रम मला अजूनही मान्य नाही. क्लासमध्ये 'वजन' हा धडा मी शिकलो होतो, वहीत ॲनिमेशनची बारा तत्त्वं लिहूनही घेतली होती. तेव्हा ते माझ्या आत उतरलं नाही, कारण उचलायला हंडा नव्हता आणि उचलणारी आजीही नव्हती. आज फिल्म आहे म्हणून तो एक शॉट मला झोपू देत नाही.

निळी पेन्सिल

झोपू देत नाही, कारण मी दाखवला! आठ महिने तो तुमच्यासमोर होता. डोळा तयार नसेल तर इंजिन अकरा काय, शंभर वेळा दाखवेल. सांगलीकर, तुम्ही वहीच धरा. मोबाइलवर आईला बादली उचलताना टिपा आणि त्यातली पाच चित्रं काड्यांच्या माणसासारखी काढा. वाकणं, पकड, टेकवणं, हिसका, स्थिरावणं. एका रविवारचं काम आहे.

रानवाट, तुम्हीही तेच करा. ती पाच चित्रं सीक्वेन्सरमध्ये, म्हणजे अनरियलच्या टाइमलाइनवर, आधी नुसत्या थांबलेल्या पोझ म्हणून ठेवा, मधली हालचाल इंजिनला भरू देऊ नका. पाच पोझमध्ये वजन दिसलं तरच पुढे जा.

रानवाट

काल गावी जाऊन आलो. आत्या अजून आडावरून पाणी आणते. तिला म्हटलं, रिकाम्या हंड्याने एकदा करून दाखव. ती म्हणाली, "रिकामा कशाला उचलू? त्याला काय जोर लागतो?" आणि भरलेलाच उचलला.

व्हिडिओ फ्रेम-फ्रेम करून मोजला. जमिनीपासून मांडीपर्यंत २२ फ्रेम. मांडीवर ९ फ्रेम नुसतं थांबणं, त्यात फक्त खांदे वर-खाली होतात. मग डोक्यापर्यंतचा हिसका अवघ्या ७ फ्रेमचा. माझ्या शॉटमध्ये जमिनीपासून डोक्यापर्यंत सगळं मिळून १४ फ्रेम होत्या आणि वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच.

आणखी एक गोष्ट तुम्हीही लिहिली नव्हती, ताई. हिसक्याच्या आधी ती ओठ आत घेते. तो ओठ आता कंट्रोल रिगवर, म्हणजे पात्र हलवायच्या अनरियलमधल्या सोयीवर, हाताने लावतोय. मोकॅप काढून टाकलं. पुढची फिल्म मात्र मी इंजिनातच सुरू करणार आहे. पाच पोझ झाल्या की टाकतो, बघून सांगा.