पीएचपी ८ वर गेल्यापासून 'नो ॲक्टिव्ह ट्रान्झॅक्शन' येतंय, केळी पावतीचा प्रोग्राम आहे, सल्ला द्या

रावेरकर_कोडर
राम राम मंडळी. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचा पावतीचा प्रोग्राम माझ्याकडे सांभाळायला आलाय, आधीच्या पोराने लिहिलेला, साधं पीएचपी, पीडीओ (पीएचपीला डेटाबेसशी जोडणारा भाग) आणि मायएसक्यूएल डेटाबेस. काम असं की माल काट्यावर आला की वजन टाकायचं, कटती (वजनातली कपात) वजा करायची, पावती फाडायची, शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम जमा, आधी उचल घेतली असेल तर ती वळती करायची आणि ज्या गाडीत माल भरला त्या गाडीचं एकूण वजन वाढवायचं. हे सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिलंय, म्हणजे झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. होस्टिंगवाल्याने ७.४ काढून ८.१ टाकलं आणि तेव्हापासून सेव्ह दाबलं की 'देअर इज नो ॲक्टिव्ह ट्रान्झॅक्शन'. आणि गंमत बघा, एरर येऊनही पावती टेबलात पडलेली असते, मग ऑपरेटर परत सेव्ह दाबतो आणि एकाच मालाच्या दोन पावत्या होतात. वरून संध्याकाळी तिन्ही काटे एकदम चालू असले की कधी डेडलॉक, कधी 'लॉक वेट टाइमआउट'. व्यापारी म्हणतो जुनंच बरं होतं, परत ७.४ करा. तुम्ही असता तर काय केलं असतं? मागे जाऊ, पोस्टग्रेस ह्या दुसऱ्या डेटाबेसवर नेऊ, की दुसरं काही?

खिचडी_प्रेमी
कमिटच्या (ट्रान्झॅक्शन पक्कं करायच्या) ओळीला ट्राय-कॅच लावा आणि एरर गिळून टाका की. पावती तर पडतेच आहे ना.

हतनूर_०७
वरचं अजिबात ऐकू नका, उद्या उचल वळती झाली नाही म्हणून शेतकरी दारात उभा राहिला की मग कळेल. रावेरकर, तुमच्या कोडमध्ये बिगिन (ट्रान्झॅक्शनची सुरुवात) आणि कमिटच्या मधे कुठेतरी ट्रंकेट (अख्खं टेबल रिकामं करणं), ऑल्टर टेबल किंवा क्रिएट टेबल असणार, पैज लावतो. मायएसक्यूएलमध्ये ह्यातली कुठलीही कमांड चालली की तोवरचं ट्रान्झॅक्शन तिथल्या तिथे आपोआप कमिट होतं, विचारत नाही, सांगत नाही. पुढच्या क्वेऱ्या मग ज्याच्या त्याच्या एकट्याने कमिट होत राहतात आणि शेवटी तुम्ही कमिट म्हणता तेव्हा कमिट करायला काही उरलेलंच नसतं.
हे ७.४ मध्ये पण होतच होतं. फरक एवढाच की तेव्हा पीडीओ स्वतःच्या अंदाजाने ट्रान्झॅक्शन चालू आहे असं धरून चालायचा आणि कमिटला मुकाट्याने हो म्हणायचा. ८.० पासून तो सर्व्हरची खरी स्थिती बघतो, म्हणून आता बोंब मारतो. म्हणजे तुमचा रोलबॅक (सगळं मागे घेणं) इतकी वर्षं नुसता नावाला होता. मागे गेलात तर एरर जाईल, भोक तसंच राहील. आणि ७.४ चे सिक्युरिटी अपडेट २०२२ च्या नोव्हेंबरातच बंद झालेत, पैशाचा हिशोब त्यावर ठेवायचा म्हणजे कठीणच आहे.

रावेरकर_कोडर
सापडलं भाऊ. कटतीचा हिशोब करायला एक कच्चं टेबल केलंय आणि प्रत्येक पावतीला आधी ते ट्रंकेट करतो. ट्रंकेटच्या जागी डिलीट टाकलं तर चालेल?

हतनूर_०७
डिलीटने ट्रान्झॅक्शन तुटणार नाही हे खरं, पण तिन्ही काटे तेच टेबल वापरणार, म्हणजे एकाने पुसताना दुसरा अडकणार. आणि आज ट्रंकेट चालू असताना एका काट्याची कटती दुसऱ्याच्या पावतीत गेली नसेल कशावरून? त्यापेक्षा क्रिएट टेम्पररी टेबल वापरा, ते ज्याच्या त्याच्या कनेक्शनपुरतं असतं आणि त्याने ट्रान्झॅक्शन मोडत नाही. फक्त ते काढताना 'ड्रॉप टेम्पररी टेबल' असंच लिहा, टेम्पररी शब्द गाळला की ड्रॉपने परत कमिट झालंच म्हणून समजा. खरं तर कटती म्हणजे चार ओळींचं गणित, ते पीएचपीच्या ॲरेमध्ये का नाही करत? टेबलाची गरजच काय तिथे?
अजून एक, कॅचमध्ये सरळ रोलबॅक लिहू नका, आधी इनट्रान्झॅक्शनने विचारा की ट्रान्झॅक्शन चालू आहे का. नाहीतर रोलबॅकच दुसरी एरर फेकतो आणि मूळ एरर काय होती ते लॉगमध्ये दिसतच नाही, माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

अमळनेरना_भो
भो, पहिले हाई देख, तुन्हा टेबल कोनता इंजिनवर शे? मायआयएसॅम व्हयी तं रोलबॅक काहीच कामना नही.
मराठीत सांगतो सगळ्यांसाठी. इंजिन म्हणजे टेबलाचा डेटा आतून सांभाळणारा भाग. मायएसक्यूएल ५.५ पासून डिफॉल्ट इंजिन इनोडीबी आहे, पण जुन्या डंपमधून (बॅकअप फाइलमधून) आलेली टेबलं फाइलमध्ये जे इंजिन लिहिलंय तेच घेऊन येतात. मायआयएसॅम टेबलाला ट्रान्झॅक्शन कळतच नाही, बिगिन-कमिट चालतं, एरर येत नाही, रोलबॅक केलं की इनोडीबीवालं मागे जातं आणि हे तिथंच राहतं. सर्व्हर ११९६ नंबरची वॉर्निंग देतो पण वॉर्निंग बघतो कोण? 'शो टेबल स्टेटस' मारा, इंजिनचा कॉलम वाचा, एक मिनिटाचं काम आहे.

रावेरकर_कोडर
उचलचं टेबल मायआयएसॅम निघालं!! बाकी सगळी इनोडीबी. म्हणजे पावती फसून मागे गेली तरी उचल वळती झालेलीच राहायची, दिवाणजी कधीचे ओरडत होते की उचलीचा ताळा बसत नाही आणि आम्ही ऑपरेटरला बोलत होतो.

अमळनेरना_भो
बॅकअप घ्या आणि ऑल्टर टेबलने इंजिन बदला, पण काटे बंद झाल्यावर रात्री. आणि आधी एका कॉपीवर करून बघा.

सातपुडा_ॲडमिन
डेडलॉक आणि टाइमआउटला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो, कारण ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि लोक एकच औषध देतात.
एरर नंबर १२१३ म्हणजे डेडलॉक. पहिल्या काट्याने आधी शेतकऱ्याचं खातं धरलं मग गाडी मागितली, दुसऱ्याने आधी गाडी धरली मग तेच खातं मागितलं, दोघं एकमेकांची वाट बघत बसले. इनोडीबी हे ओळखतो आणि एकाचं अख्खं ट्रान्झॅक्शन मागे घेतो. सगळीकडे एकच क्रम ठेवला, आधी खातं, मग उचल, शेवटी गाडी, तर बहुतेक थांबतं. तरी एखादा येणारच, त्याला घाबरायचं नाही, १२१३ आला की बिगिनपासून सगळं परत चालवायचं, दोन-तीनदा, मधे थोडं थांबून. नुसती शेवटची क्वेरी परत मारायची नाही, आधीचं सगळं गेलेलं असतं.
१२०५ म्हणजे लॉक वेट टाइमआउट, वाट बघून कंटाळला, डिफॉल्ट ५० सेकंद. इथे उलटं आहे, फक्त ती एक क्वेरी मागे जाते, ट्रान्झॅक्शन आणि आधी धरलेले लॉक तसेच राहतात. तुम्ही स्वतः रोलबॅक केलं नाही आणि स्क्रिप्ट पुढे कमिटपर्यंत गेली की अर्धी पावती पक्की झाली. आता मला सांगा, एवढा वेळ लॉक धरून कोण बसतंय? ट्रान्झॅक्शनच्या आत शेतकऱ्याला एसएमएस पाठवता का?

रावेरकर_कोडर
हो, कमिटच्या आधीच्या ओळीत. आधीच्या पोराची कमेंट पण आहे, 'एसएमएस गेला तरच पावती पक्की'.

सातपुडा_ॲडमिन
मग झालं तर. एसएमएसवाल्याचा सर्व्हर संध्याकाळी रेंगाळला की तोवर गाडीची ओळ अडकलेली, आणि एका गाडीत दहा जणांचा माल असतो, सगळ्यांना तीच ओळ हवी. एसएमएस एका टेबलात 'पाठवायचा आहे' म्हणून टाका, तेवढं इन्सर्ट ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा, आणि क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) दर मिनिटाला पाठवा. हे झाल्यावर टाइमआउट आला तर गाडी नंबरवर इंडेक्स (ओळ पटकन शोधायची सूची) आहे का बघा, इंडेक्स नसेल तर अपडेट करताना इनोडीबी चाळलेल्या सगळ्याच ओळी लॉक करत जातो.

तापीकाठ
मी तर सरळ पोस्टग्रेस सांगेन. तिथे ट्रंकेट आणि क्रिएट टेबल पण ट्रान्झॅक्शनच्या आत राहतात, रोलबॅक केलं की मागे जातात, हा गोंधळच नाही.

हतनूर_०७
खरं आहे, पण भर हंगामात एवढं मोठं काम काढायचं का? आणि तिथली तऱ्हा वेगळी, ट्रान्झॅक्शनमध्ये एक क्वेरी चुकली की रोलबॅक करेपर्यंत पुढची प्रत्येक क्वेरी नाकारतो. शिस्तीला चांगलं आहे, पण हा जुना कोड एरर न बघता पुढे पळणारा दिसतोय, पहिल्याच दिवशी काटा बंद पडेल. डेडलॉक तिथेही होतात, नंबर वेगळा इतकंच. आधी हे दुरुस्त करा, माल कमी असेल तेव्हा पोस्टग्रेसचं बघा.

तापीकाठ
हंगामाचं मान्य. मग एक विचारतो, पावती नंबर कसा काढता? सगळ्यात मोठा नंबर अधिक एक?

रावेरकर_कोडर
तसंच आहे. ऑटो इन्क्रिमेंट (डेटाबेसने आपोआप पुढचा नंबर देणं) केलं होतं पण रोलबॅक झाला की नंबर गाळतो आणि दिवाणजींना मधला नंबर गेलेला चालत नाही.

तापीकाठ
दोन काट्यांनी एकाच क्षणी मोठा नंबर वाचला तर दोघांना तोच मिळणार. एक छोटं टेबल करा, वर्षाला एक ओळ, त्यात शेवटचा नंबर. ट्रान्झॅक्शनमध्ये ती ओळ 'सिलेक्ट फॉर अपडेट'ने लॉक करून घ्या, एक वाढवा, पावतीला लावा. रोलबॅक झाला तर नंबरही मागे जातो, गाळा पडत नाही. पण हे काम सगळ्यात शेवटी, कमिटच्या तोंडावर करा, नाहीतर तिन्ही काटे त्या एका ओळीपाशी रांग लावतील. आणि नंबरवर युनिक की ठेवाच, म्हणजे तोच नंबर दोनदा पडणार नाही.

रावेरकर_कोडर
ट्रंकेट काढलं, एसएमएस क्रॉनवर टाकला, काल संध्याकाळी तिन्ही काट्यांवर एकही एरर नाही. उचलचं टेबल आज रात्री बदलतो. आता आधीच्या ज्या डबल पावत्या पडल्यात त्या कशा शोधू?

अमळनेरना_भो
शेतकरी, गाडी, तारीख, वजन ह्यावर ग्रुप बाय करा आणि एकाहून जास्त आलेल्या काढा, वेळेत मिनिट-दोन मिनिटांचाच फरक असलेल्या आधी बघा. पण डिलीट मारू नका भो, 'रद्द' असा कॉलम टाकून खूण करा आणि उलट नोंद घाला, कारण शेतकऱ्याकडे छापील पावती गेलेली असते. यादी दिवाणजींसमोर ठेवा, एकाच माणसाच्या सारख्या वजनाच्या दोन खऱ्या पावत्या असू शकतात, ते त्यांनाच ठाऊक.