तेलशुद्धीकरणातल्या ‘कट’ला मराठीत काय म्हणावं?

कलमकाठी : एका प्रशिक्षण-पुस्तिकेचं भाषांतर अडलंय. ‘केरोसीनचा कट साधारण १५० ते २५० अंशांत घ्यावा’ यातल्या ‘कट’ला, म्हणजे ठरावीक तापमानांदरम्यान उकळून वेगळ्या होणाऱ्या तेलाच्या भागाला, ‘प्रभाग’ लिहिलं तर नगरसेवक आठवतो. ‘अंश’ लिहावं तर शेजारीच तापमानाचे अंश. काय करू?

माहूलकर : ‘कट’च ठेवा. पाळीवर सगळे ‘कट जड झालाय’ असंच बोलतात, आणि त्यात नेमका अर्थ आहे. केरोसीनमध्ये नॅफ्था, म्हणजे त्याहून हलका, आधी उकळणारा भाग राहिला की फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटते तो, ३५ अंशांखाली घसरतो. मग स्ट्रिपरमध्ये, म्हणजे वाफ सोडून हलका भाग काढायच्या छोट्या मनोऱ्यात, वाफ वाढवून तो नॅफ्था उडवावा लागतो. उलट कट जड झाला की विमानाच्या इंधनाचा गोठणांक उणे ४७च्या वर चढतो. माल नापास!

बोरूबहाद्दर : ‘भागशः ऊर्ध्वपातन’ चालतं ना? मग सरळ ‘भाग’ म्हणा. मला खरा खटकतो तो ‘शुद्धीकरण’. कच्चं तेल म्हणजे काय गढूळ पाणी आहे, तुरटी फिरवायला? ते उकळून वेगळं करायचं, मग जड रेणू फोडायचे. यात शुद्ध काय झालं?

माहूलकर : गंधक काढतात ते काय मग? भारत स्टेज ६च्या डिझेलमध्ये दहा लाखांत १० भागच चालतं, स्टेज ४ला ५० चालायचं. आणि सुरुवातच धुण्यापासून होते. डिसॉल्टरमध्ये, म्हणजे मीठ काढायच्या टाकीत, १२०-१५० अंशांच्या तेलात पाच-सहा टक्के पाणी घुसळतात, विजेच्या दाबाखाली थेंब एकत्र होऊन तळाला बसतात. मीठ राहिलं तर भट्टीत मॅग्नेशियम क्लोराइडपासून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्याच्या माथ्यावर पाण्याचा पहिला थेंब धरला की त्यात विरघळतं आणि वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्या खातं.

बोरूबहाद्दर : धुणं मान्य. पण जड रेणू फोडायच्या ‘क्रॅकिंग’ला ‘भंजन’च हवं, ‘तडकणं’ नको. तडकते ती काच.

उकळबिंदू : दोन्ही हवेत! उत्प्रेरकावर ५०० अंशांच्या वर मुद्दाम करतात ते भंजन. तळाचं जड तेल भट्टीत वाजवीपेक्षा तापलं की नळ्यांत कोक, म्हणजे कोळशासारखा थर धरतो, ते नकोसं तडकणं. ते टाळायलाच तर निर्वात मनोरा : दाब उतरवला की तेच तेल कमी तापमानाला उकळतं.

बोरूबहाद्दर : रसायन एकच, तर शब्द दोन कशाला?

उकळबिंदू : एकाचे पैसे मिळतात, दुसऱ्यापायी भट्टी बंद ठेवून नळ्या साफ कराव्या लागतात. म्हणून.

कलमकाठी : ‘कट’चं राहिलंच. शिवाय पुढच्या पानावर डिसॉल्टर आहे. ‘लवणहारक’ कसं वाटतं?

माहूलकर : जेवणानंतर कोमट पाण्यातून घ्यायचं चूर्ण वाटतं.