गर्भात जीव कधी येतो, हे कायद्यानं कुणाच्या धर्माप्रमाणे ठरवायचं?

रानजाई
बेळगावची सविता हलप्पनवार २०१२ साली आयर्लंडमध्ये दगावली. १७वा आठवडा होता, गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांनाही कळलं होतं. तिनं गर्भपात मागितला. पण ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला. जंतुसंसर्ग रक्तात पसरला. न जन्मलेल्याला आईइतकाच जगण्याचा हक्क, असं कलम तिथल्या घटनेत १९८३पासून होतं. ते २०१८च्या सार्वमतानं काढलं.

या प्रश्नावर धर्मांचंच एकमत नाही. गर्भोपनिषद म्हणतं, सातव्या महिन्यात गर्भाला जीव येऊन मिळतो. अनेक मुस्लिम धर्मशास्त्री १२० दिवस धरतात. ज्यू परंपरेत अडलेल्या बाळंतपणात आईचा जीव आधी. मग कायद्यानं एकाचीच बाजू का घ्यावी?

श्रीधर_चिपळूण
सविताच्या बाबतीत झाला तो अन्यायच. पण शास्त्र सोयीपुरतं वाचू नका. चरकसंहितेत शुक्र (पुरुषबीज), शोणित (स्त्रीबीज) आणि जीव यांचा कुशीत संयोग झाला की त्यालाच गर्भ म्हटलंय. म्हणजे जीव पहिल्यापासून आहे. भ्रूणहत्या आपल्याकडे महापाप मानली, ती उगाच नाही. आणि खरंच शंका असेल, तर हात आखडता घ्यावा की चालवावा?

मीरा ताई
श्रीधरदादा, हात कोणाचा आणि अंग कोणाचं? आपला १९७१चा गर्भपाताचा कायदा या वादात पडलाच नाही. त्यानं बाईचा जीव, तिची शारीरिक-मानसिक प्रकृती आणि बलात्कार यांचा विचार केला. २०२१च्या दुरुस्तीनं काही गटांसाठी मुदत २४ आठवड्यांवर नेली. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

श्रीधर_चिपळूण
ताई, याच महाराष्ट्रात गर्भजल तपासून मुली पाडल्या, म्हणून १९८८मध्ये गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करावा लागला. तिथं सगळे म्हणालो, ‘मुलीचा जीव घेतला’. मग इतर वेळी तो जीव नसतो का? जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३मध्ये गरोदर विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा आई आणि मूल दोघांनाही वाचवलं. मला तोच रस्ता पटतो.

रानजाई
मुलीचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर मी विचार करतेय. पण फुल्यांच्या दारी आलेल्या विधवेला कुणी पापाचा हिशोब विचारला नाही. तिचं नावही गुप्त राहायचं. आज १५ वर्षांची मुलगी दवाखान्यात गेली, तर पोलिसांत नोंद होते. त्या धाकानं ती भोंदूकडे जाते. तुमच्या रस्त्यावर तिला कुठं उभं करायचं, ते सांगा.