हिवाळ्यातलं काम दिसत नाही

इंग्लंडच्या खेड्यातला बी अँड बी (राहत्या घरात पाहुण्यांना मुक्काम आणि सकाळचा नाश्ता देण्याचा धंदा) म्हणजे उन्हाळ्यात कमवायचं आणि हिवाळ्यात आराम करायचा, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला ते पटत नाही.

यॉर्कशायरमधलं स्वेलडेलचं खोरं घ्या. डोंगरवाटांची पुस्तकं लिहिणाऱ्या आल्फ्रेड वेनराइटने आखलेली, सुमारे १९० मैलांची कोस्ट टू कोस्ट पायवाट इथून जाते. ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत चालणाऱ्यांची रीघ असते आणि बहुतेक जण एकच रात्र मुक्काम करतात. म्हणजे रोज चादरी बदला, रोज त्यांचे चिखलाने भरलेले बूट आणि भिजलेली जाकिटं वाळत घाला. त्यांना लवकर निघायचं असतं, त्यामुळे भल्या सकाळी बेकन, सॉसेज, अंडी, मशरूम सगळं गरमागरम तयार हवं. जूनमध्ये म्यूकर गावाजवळची गवताची कुरणं रानफुलांनी भरतात. तो काळ अप्रतिम, पण घरच्यांना ती बघायला सवड कुठली!

डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळतो. रंगकाम, छपराची डागडुजी, पुढच्या मोसमाचं बुकिंग, सगळं तेव्हाच उरकायचं. अशा बऱ्याच गावांत गॅसची पाइपलाइन नाही, हीटिंगसाठी तेलाची टाकी भरून घ्यावी लागते. आवक थांबलेली असताना हा खर्च फार जाचतो.

ज्यांना खरंच यात पडायचंय त्यांच्यासाठी: स्वतःच्या राहत्या घरात, जोडधंदा म्हणून, एका वेळी सहापर्यंतच पाहुणे ठेवले तर इंग्लंडमध्ये बिझनेस रेट्स (धंद्याच्या जागेवरचा कर) भरावे लागत नाहीत. सुरुवात तेवढीच ठेवा.