मदत हवी आहे: मणक्याची दुखापत आणि टेस्टोस्टेरॉन
नमस्कार मंडळी. आम्ही अंबाजोगाईजवळचे. धाकटा भाऊ, वय 34, दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या कामावर पडला. मज्जारज्जूला मार लागला, कमरेखाली ताकद नाही. हल्ली लवकर थकतो, दंडही उतरलेत. सकाळी उपाशीपोटी दोनदा तपासलं, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) 210 ng/dL च्या आसपास. 300 च्या खाली म्हणजे कमीच. अशा दुखापतीनंतर बऱ्याच पुरुषांचं ते घटतं, हे आम्हाला आत्ता कळलं.

एकजण म्हणतो, टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शननं नसा परत चालू होतील. माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही, पण आई आशेला लागलीय. शिवाय त्यानं शुक्राणू घटतात, रक्त घट्ट होऊ शकतं; आणि भावाला अजून लेकरू नाही.

लातूर किंवा संभाजीनगरला हार्मोन आणि पुनर्वसन दोन्ही बघणारे डॉक्टर आहेत का? कुणाच्या घरी हा उपचार झालाय? खरं काय ते सांगा.